बळदात ऐकलेला दर्या

वहिनी गेल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी निवडून संपवली आणि मगच रडले... महिना झाला त्याला. कोळीवाड्याचं जगणं मांडणारी कादंबरीकार गेली, असं वर्तमानपत्रांनी छापलं. मी मात्र त्यांचा दर्या पहिल्यांदा ऐकला तो जिंतूरला.

दादा मुंबईला शिकायला गेला आणि कोळ्याची मुलगी लग्न करून घेऊन आला. आईनं तिला घरात घेतलं, पण चुलीपाशी येऊ दिलं नाही. वहिनी दिवसभर ओसरीवर बसून असायच्या. "इथं वाराच येत नाही गं," एवढंच म्हणायच्या.

निजामाच्या अमलाचं ते शेवटचं वर्ष. वाटा बंद झालेल्या, दादा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात. तिथून त्यानं एका माणसाकडून निरोप धाडला... वहिनींचे बाबा मासेमारीला गेले होते, होडी परतली नाही.

"मला जायचंय, आई."

"कुठून जाशील, पोरी? समद्या वाटांवर हत्यारबंद माणसं फिरायलीत."

दुसऱ्याच दिवशी त्या हत्यारबंद माणसांची टोळी गावात शिरली. आईनं आम्हाला आणि शेजारणींना लेकरांसकट बळदात, भिंतीआडच्या धान्याच्या कोठारात कोंबलं, स्वतःही शिरली. चुलत्यांनी बाहेरून तोंडाशी पोती रचली. आत मिट्ट काळोख, ज्वारीचा कोंदट वास. एक लेकरू हुंदके द्यायला लागलं तशा वहिनी कुजबुजत सांगू लागल्या. बाबांची होडी, फाटलेलं शीड, डोंगराएवढ्या लाटा... लेकरू गप्प झालं. आम्हीही. वहिनी मध्येच थांबल्या.

अंधारातून आईचा आवाज आला, "मंग? माणसं आली का न्हाई माघारी?"



"आली, आई. सगळी आली."

निरोप आईलाही ठाऊक होता. तिचा हात माझ्या मांडीवरून चाचपडत पुढं गेला आणि वहिनींचा हात सापडल्यावर तिथंच राहिला.

संध्याकाळी पोती निघाली. दुसऱ्या दिवशी आईनं वहिनींना चुलीपाशी पाट दिला. काही महिन्यांनी राज्यच बदललं, तेव्हा कुठं त्या माहेरी जाऊ शकल्या.

पुढं कादंबरी छापून आली. तिच्यात होडी परतत नाही. मग बळदात वेगळं का सांगितलंत, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "बळदात आधीच हवा कमी होती गं. खरं सांगितलं असतं तर कुणालाच श्वास घेता आला नसता."

बळदातल्या त्या दिवसानंतर वहिनींनी आपल्या खोलीचं दार कधी लावलं नाही. थंडी असो, पाहुणे असोत, दाराला वीट टेकवलेली असायची. परवा दुपारी परभणीला, भाच्याच्या घरी, त्यांच्या खोलीत आडवी झाले. आत्याला झोप लागावी म्हणून भाच्यानं वीट काढून हळूच दार लोटलं.

मी उठले आणि वीट पुन्हा टेकवली.