भोवरा वरच्या अंगाला गेला

भुताखेतांवर माझा विश्वास नाय. आधीच सांगून ठेवतो. शाळा चौथीपर्यंत, पण म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत बैलाचे दात बघितल्याशिवाय दावं हातात घेत नाय, असा माणूस मी. खालचं वाचून हसायचं तर हसा...

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमची शेती सापगावला, भातसा नदीच्या काठी. बहिणीचा मुलगा विलास पाण्यातल्या भोवऱ्यांवर पीएचडी करत होता. उन्हाळ्यात लॅपटॉप घेऊन आला नि डोहाच्या कडेला, कंबरभर पाण्यात दोन बांबू रोवले. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. दोन्हींना पाण्याचा वेग टिपणारं यंत्र. यंत्रांच्या गाठी मात्र मी मारल्या, त्याला मारता येत नव्हत्या.

तरी मला संशय होताच. नदीकाठी कुणी काय ठोकलं की मागनं जमीन जाते. मोजणीच्या खुंट्या मी दोनदा उपटल्यात, गावाला ठाऊक आहे.

"भोवरे मोजून कुणाचं पोट भरतं रे?"

"मामा, जमिनीचं काय नाय यात. ही वेव्हलेट."

मग त्यानं समजावलं. वाहत्या पाण्यात सुपारीएवढ्यापासून गाडीच्या चाकाएवढे भोवरे एकात एक गुंतलेले असतात. वेव्हलेट म्हणजे त्यांच्या बारीक-मोठ्या चाळण्या. कुठल्या मापाचा भोवरा कधी गेला, ते लॅपटॉपवर रंगीत डाग होऊन दिसतं. मला पटलं. भात चाळणाऱ्याला चाळण काय सांगायची! डाग आधी वरच्या बांबूला यायचा, मग खालच्या. भोवरा पाण्याबरोबरच वाहणार.

एका दुपारी विलास तणतणत घरी आला.

"मामा, वायरी बदलल्यास ना? मोठा डाग आधी खालच्या बांबूला आलाय, मग वरच्या! भोवरा उलटा चढतो काय? माझी दोन वर्षं आहेत यात!"

"मी हात लावला नाय."

चुलीपासनं बायको म्हणाली, "मग खुंट्या उपटाय मी जाते वाटतं!"

लय लागलं मनाला. म्हटलं, "चल, तुझ्यासमोरच बसतो."

वायरी त्यानं स्वतः तपासल्या. बरोबर होत्या. ऊन रणरणतं, वारा नाय, पाणी ताटासारखं. आणि डाग आला — खालच्या बांबूला. "म्हशीएवढा आहे," विलासच म्हणाला. मग वरच्या. पाण्यावर सुरकुती नाय. धरणातनं पाणी सोडलं म्हणावं, तर तेही वरनंच येतं.

विलास यंत्रं काढायला उतरायला लागला. मी मागनं सदरा धरला.

"वर गेलंय ते अजून खाली आलं नाय. थांब."

"सोड मामा! अडाण्यासारखं करू नको."

सदरा फाटला, पण सोडला नाय. फुरंगटून माझ्यामागं घरी आला.

सकाळी बघतो तर खालचा बांबू जागेवर. वरचा मात्र पार वळणापलीकडं, पुरुषभर पाण्यात, सरळ उभा. यंत्र त्यालाच, माझी गाठ तशीच.

विलास माझ्याकडं बघत राहिला. मला पोहता येत नाय, हेही गावाला ठाऊक आहे.

त्याची पीएचडी झाली. ते डाग त्यात घातले नायत. दर दिवाळीला विचारतो, "मामा, आता तरी खरं सांग... बांबू तूच नेलास ना?"

मी नाय म्हणतो. त्याला पटत नाय. नसू दे. पण डोहावरनं आमच्या घरी सरळ पायवाट आहे, आणि हा शिकलेला माणूस पुलावरनं वळसा घालून येतो. का, ते मी विचारत नाय.

मीही पुलावरनंच जातो.