सावली नसलेल्या जागेचा कागद

प्रेसमध्ये कागद दाखवायला तो असायचा. गंगापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कागद हातात आला की मेंढराचा कान चाचपावा तसा अंगठ्यानं बराच वेळ चोळत राहायचा. मी पुण्यात डिझाइन शिकून आलेलो. त्याचं ते चोळत राहणं मला सोसायचं नाही.

एका दुष्काळात करमाडच्या बाजूला शेतं पडीक होती आणि प्लॉट मात्र जोरात विकले जात होते. एका बिल्डरची माहितीपुस्तिका मी तयार केली होती. ग्लॉसी कागदावर रंग कसे उठून दिसतील, हे मी प्रेसमध्ये बिल्डरला चांगला अर्धा तास समजावलं. ह्या कागदवाल्यानं दोन्ही कागदांचे नमुने, चकचकीत आणि बिनचमकीचा मॅट, उचलले आणि बिल्डरला बाहेर उन्हात नेलं.

“सायेब, गिऱ्हाईक प्लॉटवर उभं राहून वाचनार. तिथं सावली हाय का?”

चकाकत्या कागदाकडं बघताना बिल्डरचे डोळे दिपले. त्यानं मॅट घेतला, आणि जाताना नमस्कार ह्यालाच केला.

पुढं माझ्याच धंद्याची पुस्तिका छापायची ठरली, तेव्हा कागदवाला सुट्टीवर असेल असा दिवस मी मुद्दाम निवडला. नमुने मागून घेतले, कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि उन्हात जाऊन उभा राहिलो.