वाहता कान

सुप्याला आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. नवऱ्याला इथल्या कारखान्यात काम लागलं होतं, पण वाशीमकडच्या माणसांना खोली द्यायला कुणी तयार होईना. "तिकडचे लोक टिकत नाहीत," म्हणायचे. बाईंनी दिली. बाई म्हणजे आमच्या घरमालकीण, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. मी तापानं पडले तेव्हा त्यांनी पेज करून आणली, मुलीला स्वतःजवळ निजवलं. माझी शाळा सातवीतच सुटली होती. आज चार ओळी लिहिते आहे, त्या अक्षरांनाही बाईंनीच पुन्हा वळण लावलं.

बाईंकडे एक लाकडी पेटी आहे. त्यात पांढऱ्या झाकणांच्या छोट्या बाटल्या, बाटल्यांत साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या. गल्लीतली पोरं सर्दी नसतानाही बाईंच्या दारात जिभा काढून उभी राहतात. "लई गुण हाय बाईंच्या हाताला," शेजारीण म्हणायची, "आन् लेकरांना काई अपाय न्हाई." ते खरंच होतं. त्या गोळ्यांनी कुणाला काही झालेलं मी तरी पाहिलं नाही.

मुलगी पहिलीत असताना तिचा उजवा कान फुटला, तेव्हा म्हणूनच मी घाबरले नाही. कान फुटला म्हणजे कान वाहायला लागला, एवढंच. आमच्याकडे सगळ्याच लेकरांचे फुटतात आणि आपोआप बरे होतात. बाईंनी गोळ्या दिल्या, कच्चा कांदा बंद केला. मी विचारलं, "एकदा दवाखान्यात नेऊ का बाई?"

"नेशील. ते थेंब देतील आणि दाबून टाकतील. दाबलेला रोग आत जातो गं. वाहतोय म्हणजे घाण बाहेर पडतेय. औषध लागू पडलंय."

तेव्हापासून माझ्या मनाचं सगळं उलटंच झालं. उशीच्या खोळीवर पिवळा डाग दिसला की बरं वाटायचं. एखाद्या सकाळी खोळ कोरडी निघाली की धास्ती, आत तर नाही ना गेलं? वास यायला लागला. मी खोळी धुवत राहिले, आणि त्या वासाला चांगलं लक्षण समजत राहिले.

संध्याकाळी बाई मुलीला शुद्धलेखन घालायच्या. त्या म्हणाल्या 'भाकर', हिनं लिहिलं 'साखर'. बाई खळखळून हसल्या. "हिला सगळं गोडच ऐकू येतं!" मीही हसले. मग असं रोजच व्हायला लागलं. बाई म्हणायच्या, "लक्ष नाही कार्टीचं." पण मी उजवीकडून हाक मारली की ती डावीकडे बघायची.

बाजाराला जाते सांगून मी तिला घेऊन नगरला गेले. डॉक्टरांना म्हटलं, "हिचा कान फुटलाय." त्यांनी बत्ती लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "फुटलाच आहे. पडदा फाटलाय, मागचं हाडही कुरतडलं गेलंय." इतके महिने मी तोच शब्द बोलत होते आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

गोळ्यांचं सांगितलं तर ते ओरडले नाहीत. "गोळ्यांनी अपाय झाला नाही, ताई. त्यांच्या भरवशावर वेळ गेला." ऑपरेशन करायचं ते रोग पुढे पसरू नये म्हणून. गेलेलं ऐकू परत येईलच असं नाही. डाव्या कानानंही कमी ऐकू येत होतं, तो मात्र थेंबांनी, औषधांनी वाचेल म्हणाले. एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली, उजवा कान वर करून. मी त्या कानात तिचं नाव घेतलं. पापणीसुद्धा हलली नाही.

नवरा म्हणाला, "बाईनं आपल्यासाठी एवढं केलं, अन् तू तिच्या औषधाले नाव ठेवशीन?" मी कुठं ठेवत होते. माझ्या तोंडून बाईंसमोर शब्दच फुटत नव्हता. डावा कान वाहायला लागला तेव्हा बाई नवी बाटली घेऊन आल्या. "चांगलं झालं, सगळं निघून जाईल." मी "हो बाई" म्हणून ती फळीवर ठेवली. डॉक्टरांचे थेंब पिठाच्या डब्यामागे होते.

लेकराच्या पोटात काही राहत नाही. पाटी पुसता पुसता तिनं सांगून टाकलं, "बाई, आई माझ्या कानात थेंब टाकते. ऑपरेशन पण आहे माझं."

मी दारात तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. बाई उठल्या, तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाणी."

मुलगी पाटी पुसत राहिली.

"पाणी," बाई पुन्हा म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशन अजून व्हायचं आहे. शुद्धलेखन चालू आहे. पूर्वी बाईंचा आवाज त्यांच्या खोलीबाहेर येत नसे. आता तो भिंतीपलीकडून माझ्या चुलीपर्यंत येतो. एकेक शब्द तीन-तीनदा, घसा ताणून. मग पाटीवरच्या पेन्सिलीची करकर, आणि बाई पुन्हा तोच शब्द सांगतात.