दिल्ली, पुण्याच्या अलीकडं

आमच्या आबांचा नियम एकच होता: सकाळी निघालेली पोर दिवेलागणीला घरात पोचली पाहिजे. जिथून एवढं जमत नाही ते गाव लेकीबाळींसाठी लांब. मोशीजवळच्या आमच्या वस्तीवरून पिंपरीचा नवा औषध कारखाना पायी दोन तासांवर होता, म्हणून तिथली नोकरी मला करता आली. एकदा जरी दिवेलागण चुकली तर नोकरी बंद, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि आबा एकदा बोलले की बोलले.

बाटल्यांत औषध भरण्यात माझा हात धरणारी तिथं कुणी नव्हती. हे साहेब सांगायचे. मीही सांगते, खोटं कशाला बोलू? दिल्लीच्या सरकारी प्रदर्शनात हे काम करून दाखवायला निवडलेली बाई ऐनवेळी आजारी पडली आणि साहेबांनी माझं नाव घेतलं. आगगाडीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून मुंबईहून विमानानं जायचं ठरलं. सोबत साहेब आणि त्यांच्या बाई.

घरी सांगितलं तर आबांनी विचारलं, "किती लांब हाय दिल्ली?"

"मुंबईपासनं सातशे मैल."

"मग न्हाई."

मी चिडले. कांद्याची गाडी पुण्याला न्यायला त्यांना सहा तास लागायचे. म्हटलं, "आबा, मैल कशाला मोजता? इमान चार तासांत जातंय. तुमची बैलं चार तासांत पुण्याला तरी पोचत्यात का?"

आबा बोटांवर काहीतरी मोजू लागले. मनातल्या मनात गाडी हाकत असावेत. "मंजी दिल्ली पुण्याच्या अलीकडंच की!"

"व्हय."

मुंबईहून घरी यायला किती वेळ, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही शहाणपणा करून सांगितलं नाही.

"जा. पर परतीच्या दिशी दिवेलागणीला घरात पायजेस."

दिल्लीत मोठमोठी माणसं माझे हात बघत उभी राहिली. थेंब सांडला नाही. मान ताठ ठेवून मी परतीच्या विमानात बसले. सकाळी दिल्ली सोडली, दुपारी मुंबईत. सातशे मैलांनी काही त्रास दिला नाही, घात केला तो घराजवळच्या शंभर मैलांनी. घाटाखाली आगगाडी अडून बसली ती बसलीच. चिंचवड स्टेशनात उतरले तेव्हा अंधारलं होतं. साहेबांच्या जीपनं वस्तीपर्यंत सोडलं. नोकरी गेली, हे मी मनाशी धरलंच होतं.

घरोघरी दिवे लागले होते. आमचं एकच घर काळोखात. वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालं. धावत गेले तर आबा उंबऱ्यात बसलेले आणि आई मागं काड्यापेटी घेऊन उभी.

ती करवादली, "कवाधरनं म्हणतीय, दिवा लावू द्या. तिन्हीसांज टळून गेली, लक्षुमी दारातनं माघारी जाईल. पर ह्ये ऐकत्यात व्हय?"

आबांनी उठून माझ्या हातातली पिशवी घेतली. "लाव आता," ते आईला म्हणाले.

दिवा लागला. मग अंगणात जाऊन, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आली बगा दिल्लीवरनं, दिवेलागणीला!"