अर्धंच दार वाळलं

माजघराच्या दाराला बोट लावलं आणि बोट हिरवं झालं. रंगाचा शेवटचा हात देऊन आठवडा उलटला होता. थंडीचे दिवस, हवा कोरडी, तरी रंग चिकटच.

ही खालापूरच्या एका वकिलांच्या घरातली गोष्ट. रेल्वेच्या कारखान्यात डबे रंगवायची नोकरी सोडून मी नुकताच गावाकडे आलो होतो. घरातल्या दारांना ऑइलपेंट द्यायची हौस तेव्हा आमच्या तालुक्यात नवी होती. कर्जतला रेल्वेचे बंगले उठत होते. तिथल्या ओव्हरसियरनं मला सांगून ठेवलं होतं, पुढच्या रविवारी वकिलांकडची दारं बघतो, पसंत पडली तर बंगल्यांचं कॉन्ट्रॅक्ट तुझं, नाहीतर मुंबईचा पेंटर आणतो. हे काम गेलं असतं तर मला पुन्हा कारखान्याची वाट धरावी लागली असती. जीव टांगणीला लागला होता.

हा रंग म्हणजे अळशीच्या तेलात घोटलेली पूड. तेल वाळलं की रंग धरतो. लवकर वाळावं म्हणून तेल मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची पिवळी भुकटी, घालून कढवतात. मी कढवलं होतं. जुनी सागवानी दारं काचकागदानं घासूनही घेतली होती. मग घोडं अडलं कुठं? तेलात भेसळ केली असणार म्हणून मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेवढ्यात वकील आबासाहेब कोटाची बाही पुढे करून उभे राहिले. बाहीवर हिरवा पट्टा.

"मिस्त्री, कचेरीत असाच जाऊ का?"

मी घरभर दारं चाचपत सुटलो. आणि काय बघतो, वरचे दिलहे, म्हणजे दाराच्या चौकटीत बसवलेल्या फळ्या, खडखडीत वाळलेले. खालचे चिकट. प्रत्येक दाराला तीच तऱ्हा, तीच उंची. अरे, डबा एक, ब्रश एक, मग भेसळीचं तेल वर वाळेल आणि खाली नाही, असं कसं? दोष रंगात नव्हताच, लाकडात होता! खालच्या अंगाला नखानं खरवडून वास घेतला. करंजेल.

"आबासायेब, दारांना खालनं करंजाचं तेल कोण लावतं हो?"

कोणीही नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. तोच दाराआड बांगड्या वाजल्या. घरातल्या बाई परक्या माणसासमोर येत नसत. इतके दिवस काम करून त्यांचा-माझा एका शब्दाचा संबंध आला नव्हता.

"मी लावते," आतून आवाज आला. "दर अमावास्येला. वाळवी खालून चढते ना, म्हणून खाली बसून हात पुरतो तिथवर पुसते. लग्न होऊन आले तेव्हापासून."

करंजेल काही केल्या वाळत नाही, आणि या लाकडात ते वर्षानुवर्षं मुरलेलं. मला राग आला, हसू आलं, आणि आनंद तर असा झाला की दाराला मिठीच मारली असती, पण सदऱ्याची काळजी होती.

लगेच कामाला जुंपलो. दारं उतरवली, खालचा रंग खरवडला. राखेच्या पाण्यानं लाकूड घासघासून धुतलं, कारण राख तेल खाते. राख बाईंनीच चुलीतून काढून भिंतीआडून पुरवली. मग दारं उन्हात वाळवून लाखेचा हात दिला, म्हणजे आत उरलेलं तेल वर फुटत नाही. त्यावर रंगाचे पातळ हात.

रविवारी ओव्हरसियर आला. त्यानं पांढरा रुमाल काढला आणि खालच्या दिलह्यावर दाबून ओढला. मी वाकून बघितलं. रुमाल पांढराच!

"उद्या कर्जतला ये," तो म्हणाला. "दारं मोजून घे."

मला तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. तो जोत्यावरून उतरतो न उतरतो तोच दाराआड बांगड्या वाजल्या.

"मिस्त्री, दारं फार देखणी झाली हो. उद्या अमावास्या आहे, तेलाचा हात फिरवू ना?"

तेव्हापासून कुठल्याही घरात ब्रश बुडवण्याआधी मी मालकाला रंग विचारतो आणि मालकिणीला तेल.