व्हिक्टरची धून, माझी करंगळी

मंडळी, आज गिटार हातात घेतली आणि पार दमून गेलो.

साठच्या दशकात बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटमधल्या एका क्लबात मी आणि व्हिक्टर जॅझ वाजवायचो. मी कॉर्ड धरायचो, तो धून वाजवायचा. मग त्याच्या घरच्यांनी ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं. जाण्याआधी त्याने आमची आवडती धून मला एकट्याने वाजवायला शिकवली. कॉर्ड धरलेली असतानाच करंगळीने धून काढायची. बोटं सोलून निघाली. "आता माझ्यावाचून अडू नकोस," म्हणाला.

आज दुपारी त्याच्या मुलीने व्हिडिओ कॉल लावला. व्हिक्टर अंथरुणाला खिळलाय. "वाजव की," एवढंच म्हणाला.

माझी करंगळी आता वाकत नाही. नुसत्या कॉर्ड वाजल्या, धून निघेचना. माझी कानडी बायको म्हणाली, "सरी, बरं, पुरे आता. स्वल्प आराम करा."

तेवढ्यात पलीकडून व्हिक्टर धून गुणगुणायला लागला. त्याचा आवाज उशिरा पोचत होता, ताल काही जुळेना. तरी आम्ही दोघंही थांबलो नाही.

"उद्याही वाजव," म्हणत त्याने फोन ठेवला. तेव्हापासून मी नुसता बसून आहे. बोटं ठणकतायत, आणि त्याला नाही म्हणवत नाही. तुम्ही काय केलं असतं?