शिवकामीची करंगळी

कुंभकोणमात ज्यांना पास्कल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांनाही शिवकामीचं घर ठाऊक होतं. संध्याकाळी पाचनंतर तिच्या ओट्याखाली सायकलींची ही गर्दी. कॉलेजची पोरं हातात कागदाच्या गुंडाळ्या घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "अक्का, हे चालत का नाही?" पास्कल ही संगणकाकडून काम करून घ्यायची एक भाषा. त्या काळी ती कॉलेजात शिकवत, म्हणजे फळ्यावर लिहून देत. समजावून घ्यायला मुलं शिवकामीकडे येत. ती कागद हातात घ्यायची, वरपासून खालपर्यंत बोट फिरवायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "इथे बिगिन केलंस, एंड कोण करणार? तुझे आजोबा?"

ती मूळची टायपिंगवाली. वडील मुकुंदराव यांची टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. मराठ्यांच्या राज्यात या मुलखात आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं मुकुंदरावांनी घडवलेली. त्यांच्या शिकवणुकीत दोन गोष्टींना माफी नव्हती. एक, बोटांकडे बघायचं नाही. त्यासाठी ते कळफलकावर लाकडी झाकण घालत. दुसरी, इंग्रजीत माणसाचं नाव लहान अक्षराने सुरू करायचं नाही. लहान अक्षरात कुणाचं नाव टाइप केलं की म्हणत, "वडील माणसाला अरे-तुरे केलंस." आणि पान पहिल्यापासून. शिवकामी या शाळेत वाढली. नाव आलं की तिची डावी करंगळी आपोआप शिफ्टच्या कळीवर जायची. तिला कळायचंही नाही.

शहाऐंशी साली तिने हट्टाने एक संगणक घेतला आणि पुस्तक पुढ्यात ठेवून पास्कल शिकली. मुकुंदरावांना ते यंत्र कधी आवडलं नाही. त्यांचं म्हणणं एकच. "आवाजच नाहीं त्याला. जेवतंय कीं निजलंय, कसें कळावें?"

पुढे संगणक सगळीकडे आले आणि टायपिंग शिकायला कोणी येईना. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात दहा यंत्रांपुढे चार मुली बसत. घरमालकाने जागा मागितली. मद्रासहून धाकटा भाऊ गुरुराज लिहू लागला, अप्पांना घेऊन इकडेच ये. भाऊ चांगला, पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पंचाहत्तरीच्या मुकुंदरावांना कावेरीवरची सकाळ आणि पितळी वाटी-पेल्यातली कॉफी सोडून तिथे बसवायचं, हे शिवकामीला पटेना. तिचं लग्न जमलं नव्हतं, आणि त्याचं तिला एरवी फारसं वाटतही नसे. पण भावाच्या घरी कायमचं जाऊन राहायचं म्हटल्यावर वाटू लागलं.

तेवढ्यात साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या मुलींच्या कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेसाठी शिकवणारी हवी असल्याचं कळलं. तिने अर्ज केला. बोलावणं आलं: स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम घेऊन या आणि आमच्या यंत्रावर चालवून दाखवा. त्यांचं यंत्र युनिक्स नावाच्या वेगळ्या प्रणालीवर चालणारं होतं. शिवकामीने ते नाव ऐकलं होतं, दोनदा हात लावला होता, एवढंच. पण पास्कल तर पास्कलच, असं तिने मनाला समजावलं.

प्रोग्राम तिने जवळच्या नाचियार्कोविल गावच्या पितळी दिव्यांचा घेतला. कुठला दिवा किती पाकळ्यांचा, वजन किती, हे भरायचं आणि यंत्राने वजनाप्रमाणे ओळीने लावून द्यायचं. तो चार तुकड्यांत होता, आणि चारही फायलींना तिने आपल्या नातेवाइकांची नावं दिली होती. सगळं ओळीने लावणारी फाइल सुब्बू, कारण सुब्बलक्ष्मी आत्याला घरात चमचासुद्धा वाकडा खपत नसे. पडद्यावर सगळं सांगणारी फाइल गोदा, कारण गोदामावशीच्या पोटात काही राहत नसे.

परीक्षा घ्यायला दोघं होती. प्राचार्या अलमेलू, रसायनशास्त्राच्या, करड्या केसांच्या. संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. दुसरे प्राध्यापक राजगोपाल. त्यांनी भलेपणाने सकाळीच तिच्या फायली यंत्रात चढवून, चालवून पाहिल्या होत्या. चढवताना नावं सगळी लहान अक्षरांत आली, म्हणून प्रोग्राममध्येही त्यांनी ती तशीच करून टाकली. हे तिला सांगायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही.

प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. दिवे हलक्यापासून जडापर्यंत ओळीने उभे राहिले. तेवढ्यात राजगोपालांना ऑफिसातून फोन आला आणि ते गेले. अलमेलूबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "छान आहे. पण दुकानात गेलं की मोठा दिवा आधी दाखवतात. तसं करता येईल?"

यात करण्यासारखं ते काय! सुब्बूमधली लहान-मोठं ठरवणारी एक खूण उलटी करायची. शिवकामीने सुब्बू उघडली, तर आत कोरा पडदा. फाइल रिकामी.

चढवताना पुसली गेली असेल, तिला वाटलं. घाबरायचं कारण नव्हतं. सगळी तोंडपाठ होती. नजर न हलवता तिने ती पुन्हा लिहून काढली, खूण उलटी करून. अलमेलूबाई तिच्या बोटांकडे बघतच राहिल्या. प्रोग्राम चालवला.

हलका दिवा वर, जड दिवा खाली. जसंच्या तसं.

तिने सुब्बू उघडली. खूण उलटीच होती. पुन्हा चालवला. पुन्हा हलका दिवा वर. आता तिने ती फाइल पुसून नव्याने लिहिली, तरी दिवे आपले जागचे हलायला तयार नाहीत. इतकी वर्षं पोरांना शहाणपण शिकवलं आणि आज स्वतःची एक ओळ ऐकत नाही! तिच्या डोळ्यांसमोर गुरुराजच्या घराचा जिना आला आणि तो चढताना धापा टाकणारे अप्पा.

"मला बघू द्या," अलमेलूबाई अचानक म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही सांगा, मी करते. शिकवायलाच तर यायचंय तुम्हाला."

नाही कशी म्हणणार? शिवकामी उठून मागे उभी राहिली आणि सांगू लागली. अलमेलूबाई एका बोटाने, चिमण्यांना दाणे टाकावेत तशा, एकेक कळ शोधून दाबत होत्या. शिफ्ट नावाची कळ त्यांच्या गावीही नव्हती. सुब्बू उघडली, आणि पडदा भरला. सगळ्या ओळी जागच्या जागी. खूण मात्र जुनी, सुलटी.

"ही तर इथेच आहे," अलमेलूबाई म्हणाल्या. "पुसली कुठे गेली होती?"

त्यांनी एका बोटाने खूण उलटी केली. प्रोग्राम चालवला. सर्वांत मोठा पाच पाकळ्यांचा दिवा डौलात वर जाऊन बसला.

शिवकामी चक्रावली. शब्द तेच, कळी त्याच. या बाईंचं ऐकतं आणि माझं नाही? ती पुन्हा बसली. लहानपणापासून जे करू नये म्हणून शिकली होती, ते तिने आयुष्यात पहिल्यांदा केलं. मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे बघत ती सावकाश सुब्बू टाइप करू लागली. पहिल्या अक्षराआधी डावी करंगळी हळूच सरकली आणि शिफ्टवर जाऊन बसली. तिला न विचारता.

तिने फायलींची यादी काढली. सर्वांत वर, मानाच्या जागी, मोठ्या अक्षराची सुब्बू. खाली बाकीच्या घोळक्यात लहान अक्षराची सुब्बू. घरच्या संगणकाला दोन्ही सारख्याच होत्या. या यंत्राला त्या दोन वेगळ्या बायका वाटत होत्या. मोठ्या अक्षराची त्याच्याकडे नव्हतीच, म्हणून मागितल्यावर त्याने कोरी उघडून दिली होती. ती एकीला समजावत होती आणि काम दुसरीच करत होती.

शिवकामीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिने काही लपवलं नाही. आत्या, अप्पा, लाकडी झाकण, अरे-तुरे, सगळं सांगितलं. तोवर राजगोपाल परत आले होते. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, या लहान-मोठ्यापायी माझी अख्खी सुटी गेली होती. तुम्हाला सकाळी सांगायला हवं होतं."

अलमेलूबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आमच्या बहुतेक मुली टायपिंग शिकून येतात. बऱ्याचजणी तुमच्याच वडिलांकडे. त्यांच्याही करंगळ्या अशाच असणार. मग?"

शिवकामीने शिफ्ट दाबून पाहिली; आवाज नव्हता. मग म्हणाली, "उद्या एक वर्ग घेऊ द्या. मी अप्पांचं एक यंत्र आणते."

घरी आल्यावर तिने अप्पांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मीं चुकीचें शिकविलें?"

"नाहीं, अप्पा. शिकविलेंत तें इतकें पक्कें बसलें, तेंच नडलें. उद्या तुम्हीही चला. तुमच्यावांचून व्हायचें नाहीं."

"मी कशाला? मला तें मुकें यंत्र येत नाहीं."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षात टाइपरायटर मांडीवर घेऊन मुकुंदराव कॉलेजात गेले. शिवकामीने मुलींना भिंतीकडे तोंड करून बसवलं. मुकुंदराव टाइप करू लागले. टिक टिक टिक, आणि मध्येच, मोठ्या अक्षरासाठी शिफ्ट दाबली की यंत्राचा वरचा भाग उचलला जाऊन खाली पडायचा. धप.

"ऐकलंत?" शिवकामी म्हणाली. "तुमची करंगळी हे करते आणि तुम्हाला कळत नाही, कारण नव्या यंत्राला आवाज नाही. आवाज आता तुम्ही द्यायचा. शिफ्ट दाबली की तोंडाने म्हणायचं, धप."

आधी खीखी झालं. मग मुली संगणकांपुढे बसल्या, आणि एकेका कोपऱ्यातून येऊ लागलं: धप. अय्यो, धप. अगं, मी पण, धप. ज्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं त्यांच्या करंगळ्या पकडल्या जात होत्या. दाराशी उभ्या अलमेलूबाईही आता हसत होत्या. मुकुंदराव टाइपरायटरवर हात ठेवून ती मुकी यंत्रं बोलताना ऐकत बसले.

नेमणूक आठवड्याभरात झाली. गुरुराजला कळवलं की अप्पा येत नाहीत, सुटीत तूच ये.

इन्स्टिट्यूटची जागा रिकामी करायच्या दिवशी जुनं लोखंड घेणारा मोडीवाला हातगाडी घेऊन आला. मुकुंदराव ओट्यावर काठी टेकून बसले होते. एकेक यंत्र डोळ्यांदेखत गाडीत चढत होतं. शिवकामीला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी मोडीवाल्याने दाराशी कॉलेजसाठी कापडात बांधून ठेवलेल्या टाइपरायटरला हात घातला, तशी त्यांची काठी आडवी झाली.

"ते ठेव," ते त्याला तमिळमध्ये म्हणाले. मग मुलीकडे वळून घरच्या बोलीत म्हणाले, "सांग त्याला. तें विकायचें नाहीं. तें नोकरीस लागलें."